गाडी निंबाखाली, पॅनल उन्हात

माझा शालक शिरपूरला असतो. त्यानं जुनी पिकअप घेतली, मागच्या हौद्यावर वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा सांगाडा आणि पफ पॅनलची, म्हणजे पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंतींची खोली बसवून घेतली, आत दोन माणसांच्या झोपण्याची सोय केली आणि एक दिवस मला फोन लावला. "दाजी, मन्ही गाडीले कितला वॅटनं पॅनल लागी? बस, एकच आकडा सांगा."

त्याला छपरावरच्या सौर पॅनलचा आकडा पाहिजे होता. मी तो सांगितला नाही, त्यामुळे तो जरा फुगला. त्याचंही बरोबर आहे. व्हिडिओवाला ३०० सांगतो, दुकानदार १००० सांगतो आणि घरचा माणूस, ज्याची सगळी नोकरी बॅटऱ्यांत गेली, तो म्हणतो "आधी मोज". फोनवर हे समजावणं काही जमेना. तेव्हा इथेच सविस्तर लिहितो. विचारणारे आणखीही आहेत.

मी भुसावळला रेल्वेत ट्रेन लायटिंगला होतो. डब्यातले दिवे, पंखे आणि त्यांना पोसणारी डब्याखालची बॅटरी हे आमचं काम. साध्या स्लीपर डब्याखाली ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र असायचं, चाकाच्या आसावरून पट्ट्यांनी फिरणारं, आणि ११० व्होल्टची १२० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) बॅटरी. गाडी पळते तोवर अल्टरनेटर सगळं ओढतो. गाडी सिग्नलला, यार्डात, जंक्शनला उभी राहिली की भार बॅटरीवर येतो. त्यामुळे अल्टरनेटर किती मोठा हा प्रश्न आमच्याकडे पहिला कधीच नसायचा. डब्यात पंखे किती, दिवे किती, गाडी उभी किती वेळ राहणार, हे आधी. पिकअपवरच्या खोलीचं गणित त्याच क्रमानं सोडवावं लागतं. पॅनल शेवटी येतं.

मोजायचं वॅट-अवरमध्ये. १० वॅटचा दिवा पाच तास जळला की ५० वॅट-अवर. लाइटबिलातलं एक युनिट म्हणजे असे १००० वॅट-अवर, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं ओळखीचं वाटतं.

आता आमचा खर्च सांगतो. आमच्याही पिकअपवर अशीच खोली आहे. गाडीत आम्ही दोघं, मी आणि सौ. तिची अट एकच होती: फ्रिज पाहिजे, दूध-ताक नासलेलं चालणार नाही. माझी अट डॉक्टरांनी घातलेली आहे. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र लावूनच झोपावं लागतं. ते पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली तर ३० वॅटच्या आसपास खातं, सात तासांचे झाले २१०. यात काटछाट नाही. बाकी सगळं कमी-जास्त करता येतं, हे नाही. ज्यांच्या घरात असं एखादं यंत्र आहे त्यांनी हिशेबाची सुरुवात त्याच्यापासून करावी.

बारा व्होल्टवर चालणारे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे मधल्या वेगावर प्रत्येकी १५ वॅट घेतात. रात्रीचे नऊ तास धरले तर दोघांचे २७०. तीन एलईडी दिवे मिळून ६०, फोन आणि कॅमेऱ्याची बॅटरी मिळून ६०. पाण्याचा पंप ५० वॅटचा आहे, पण तो दिवसभरात पंधरा मिनिटंसुद्धा चालत नाही. मिक्सर ५०० वॅटचा, ऐकायला भीती वाटते, पण तीन मिनिटं फिरला तर २५ वॅट-अवर. पंप आणि मिक्सर मिळून ४० धरले. ठेचा तर सौ. खलबत्त्यातच करते, त्यामुळे त्यातही बचत.

स्वयंपाक गॅसवर. इंडक्शनचं नाव काढू नका. दीड-दोन हजार वॅटची शेगडी अर्धा तास चालली तरी आमचे पंखे तीन-चार रात्री चालतील एवढी वीज जाते. पाच किलोचं सिलिंडर घ्या, नीट बांधून ठेवा आणि खिडकी उघडी ठेवून वांगी भाजा.

राहिला फ्रिज. सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. आमचा ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला, बारा व्होल्टचा. त्याच्या पाटीवर ४५ वॅट लिहिलंय. कोणी म्हणेल ४५ गुणिले २४, म्हणजे १०८०. पण कॉम्प्रेसर अखंड चालत नाही. थंड झालं की थांबतो, गरम होऊ लागलं की परत सुरू होतो. तासातली किती मिनिटं चालतो हे पाटीवर कुणी लिहीत नाही, आणि ज्यांनी कुठे लिहिलंय त्यांनी पंचवीस डिग्रीच्या खोलीत मोजलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तो आकडा भुसावळला काय कामाचा?

म्हणून मे महिन्यात अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली फ्रिज ठेवला, बॅटरीला जोडला आणि मधे डीसी वॅटमीटर घातला. छोटी डबी असते, स्क्रीनवर व्होल्ट, अँपिअर आणि एकूण वॅट-अवर दिसतात. जुनी सवय, वही घेऊन बसलो. पहाटे कॉम्प्रेसर तासाला वीसेक मिनिटं चालत होता. सकाळी दहानंतर थांबायचा वेळ आखडत गेला. दुपारी तीन-चारला पंचेचाळीस मिनिटं चालू आणि पंधरा मिनिटं विश्रांती. त्यात सौ.नं कोमट दुधाचं पातेलं तसंच आत ठेवलं, तर तो तासभर थांबलाच नाही. चोवीस तासांची सरासरी काढली तर निम्म्याहून थोडी जास्त, ५५ टक्के. म्हणजे दिवसाला साधारण ६००. हाच फ्रिज डिसेंबरात मोजला तेव्हा ३० टक्क्यांवर होता, सव्वातीनशेच्या आसपास. वस्तू तीच, पण मे महिन्यात जवळजवळ दुप्पट खाते. हे मीटर फार महाग नसतं. पॅनल घेण्याआधी ते घ्या आणि जे जे गाडीत न्यायचंय ते घरीच त्याच्यावर लावून बघा.

त्यात मेची दुपार. दीड ते साडेसात त्या पत्र्याच्या खोलीत नुसत्या पंख्यानं निभत नाही, गरम हवाच अंगावर येते. आमच्याकडे उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर मात्र छान काम करतो. बारा व्होल्टचा छोटा कूलर आहे, पंखा आणि पंप मिळून ४० वॅट, सहा तासांचे २४०. वीज कमी लागते, पण पाणी तासाला दोन-तीन लिटर पितो, म्हणून वीस लिटरचा एक कॅन खास त्याच्यासाठी भरून घ्यावा लागतो.

बेरीज केली. मे महिन्यात १४८०, म्हणजे दीड युनिट. डिसेंबरात पंखा नाही, कूलर नाही, फ्रिज अर्ध्यावर, दिवे थोडे जास्त वेळ: ७१०. ऑगस्टमध्ये कूलर जातो, फ्रिजही थोडं कमी खातो, पण पंखे राहतात: ११४० च्या आसपास. तोरणमाळला गेलो तर मेचा हिशेबही उतरतो. हजार-साडेअकराशे मीटर उंचीवर कूलर लागत नाही आणि यशवंत तलावाच्या बाजूनं रात्री वारं सुटलं की पंखाही बंद करावा लागतो. पण आपण काही कायम तोरणमाळला राहणार नाही.

आता ऊन. खान्देशाला कशाची कमी असेल ती असेल, उन्हाची नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, तो काही उगाच तिथे नाही. पॅनलवाले "पीक सन अवर" मोजतात, म्हणजे दिवसभराचं कमी-जास्त ऊन गोळा करून भर दुपारच्या पूर्ण उन्हाचे किती तास झाले ते. आडव्या ठेवलेल्या पॅनलला आमच्या भागात मे महिन्यात साडेसहाच्या आसपास मिळतात, डिसेंबरात पावणेपाच आणि पावसाळ्यात चार धरावेत. जळगाव-भुसावळ २१ अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माध्यान्हीला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा छपरावर सपाट झोपवलेलं पॅनल उत्तम. डिसेंबरात मात्र भर दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांवरच असतो. त्या वेळी पॅनलची उत्तरेकडची बाजू उचलून दक्षिणेकडे उतार दिला, तर दिवसाला वीसेक टक्के वीज जास्त निघते. सारंगखेड्याच्या यात्रेत गाडी दोन-तीन दिवस एकाच जागी उभी असते, तिथे हे करण्यासारखं आहे. एका रात्रीच्या मुक्कामाला कोण छपरावर चढतंय?

पण पॅनलवर छापलेले वॅट म्हणजे हातात पडणारे वॅट नव्हेत. ते सेलचं तापमान २५ डिग्री धरून मोजलेले असतात. मे महिन्यात छपरावरचं काळं पॅनल ६५-७० डिग्रीपर्यंत तापतं, त्याच्यावर हात टेकवून बघाच. दर डिग्रीमागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ४३ डिग्री जास्त म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. त्यात एप्रिल-मेच्या वावटळींची धूळ, तारांतली गळती, पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसणाऱ्या कंट्रोलरचा वाटा. मी मे महिन्यात छापील आकड्याच्या ७० टक्के धरतो. लोकांना वाटतं कडक ऊन म्हणजे जास्त वीज. वीज उजेडावर होते, उष्णता उलट तिला खाते. म्हणून पॅनल छपराला चिकटवू नये, खालून दोन-तीन इंच मोकळी जागा सोडावी. हवा खेळते, पॅनल थोडं थंड राहतं आणि त्याच्या सावलीमुळे खोलीचा पत्राही कमी तापतो. लवचिक, चिकटवायची पॅनलं हलकी असतात, दिसायला देखणी असतात, पण आमच्या उन्हात मी ती घेणार नाही.

हिशेब करा: ४०० वॅट गुणिले साडेसहा गुणिले ०.७ म्हणजे १८२०. खर्च १४८०. शालक इथेच म्हणाला असता, "मंग चारशे सांगा ना!"

थांबा. या गणितात एक गोष्ट गृहीत धरली आहे: गाडी दिवसभर उन्हात उभी आहे. मे महिन्यात खान्देशात कोणता शहाणा माणूस गाडी उन्हात लावतो? आपण आधी निंब शोधतो. सकाळी दहा वाजताच त्याच्याखाली जाऊन उभे राहतो आणि ऊन उतरल्याशिवाय हलत नाही. दाट निंबाखाली पॅनल छापील आकड्याच्या दहा-पंधरा टक्केसुद्धा देत नाही. आणि विरळ सावलीही निरुपद्रवी नसते. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक ओळीनं जोडलेले असतात. एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा, गप्प बसतो. छपरावर हजार वॅट लावले आणि गाडी निंबाखाली नेली तर काय मिळवलं? गाडी उन्हात ठेवून कूलर जास्त चालवायचा, की सावलीत ठेवून वीज घालवायची, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. परदेशातल्या व्हिडिओत तो येत नाही.

माझं उत्तर असं: गाडी सावलीत, पॅनल उन्हात. छपरावर २०० वॅटची दोन पॅनलं पक्की बसवली आणि २०० वॅटचं तिसरं सुटं ठेवलं, पायांवर उभं राहणारं. दिवसभर ते निंबाच्या सावलीबाहेर उन्हात ठेवायचं आणि वायरनं गाडीला जोडायचं. दोन-तीन वेळा उठून सूर्याकडे वळवायचं, तेवढाच व्यायाम. त्याच्याकडून मे महिन्यात नऊशेच्या वर वॅट-अवर मिळतात. छपरावरच्या दोघांना सकाळचं ऊन मिळतं, सावलीत शिरण्याआधी, ते पाच-सहाशे. मिळून पंधराशेपर्यंत जातं आणि १४८० चा खर्च भागतो. भागतो म्हणजे अगदी काठावर भागतो, पण मागे बॅटरी आहे.

सुट्या पॅनलच्या वायरकडे दुर्लक्ष करू नका. दहा मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये १० अँपिअरला एक व्होल्ट मध्येच हरवतो, म्हणजे पाच टक्के. घरातल्या पंख्याची बारीक वायर उरली होती म्हणून तीच लावली तर दहा-पंधरा टक्के वायर तापवण्यात जातात. आणि रात्री ते पॅनल आत घ्या. गाईगुरं काच ओळखत नाहीत आणि दोन पायांची माणसं जरा जास्तच ओळखतात.

छपरावर घराचं मोठं पॅनल का नाही, असं बरेच विचारतात. ५४० वॅटचं पॅनल वॅटमागे स्वस्त पडतं, खरं आहे. ते जवळजवळ २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २७-२८ किलो वजनाचं. माझं छप्पर नऊ फूट बाय साडेपाच फूट. बसतं, पण मग हवेच्या झरोक्याला जागा राहत नाही आणि उन्हाळ्यात तो झरोका मला पाव किलोवॅटपेक्षा महत्त्वाचा आहे. शिवाय पिकअपची चासी खड्ड्यात पिळते, शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना तर चांगलीच. एवढी लांब अखंड काच त्या पिळावर ठेवायला माझं मन धजत नाही. ज्यांना ठेवायची ते ठेवोत, पण एक लक्षात घ्या. हे पॅनल चाळीस-एक्केचाळीस व्होल्टला तेरा अँपिअर देतं. त्याच्यामागे स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर तो तेरा अँपिअर तसेच बॅटरीच्या तेरा व्होल्टला उतरवतो: तेरा गुणिले तेरा, १६९ वॅट. पैसे ५४० चे दिले, मिळाले १६९. तिथे एमपीपीटीच पाहिजे, म्हणजे जास्तीचे व्होल्ट वाया न घालवता त्यांचे अँपिअर करून बॅटरीला देणारा कंट्रोलर. आमच्या बेतातही मी एमपीपीटीच लावला आहे. ढगाळ दिवसात त्याचा फायदा कळतो.

एसीबद्दल शालकानं दोनदा विचारलं, म्हणून सांगतो. स्लीपरच्या डब्याला ४.५ किलोवॅट पुरायचे हे वर लिहिलंय. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या एसी डब्याखाली २५ किलोवॅटचे दोन अल्टरनेटर आणि ११०० एएचची बॅटरी असायची. पंखा आणि एसी यांत एवढं अंतर असतं. एक टनाचा इन्व्हर्टर एसी मेच्या रात्री सरासरी ७०० वॅट घेईल असं धरलं तरी आठ तासांत साडेपाच हजारांच्या वर. त्यासाठी बाराशेच्या पुढे वॅट लागतात आणि पिकअपच्या छपरावर तेवढी जागाच नाही. दुपारी कूलर, संध्याकाळी छपरावर पाणी मारणं, आणि अगदीच असह्य झालं तर लॉज.

आता बॅटरी. आमच्या बेरजेत रात्रीचा हिस्सा आठशेच्या आसपास निघतो: सीपॅप, पंखे, दिवे आणि फ्रिजचे रात्रीचे तास. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर असते, पण तिचं आयुष्य हवं असेल तर निम्मीच वापरायची. म्हणजे ९००, आणि वजन पन्नास-साठ किलो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे झोपायच्या खोलीत ती ठेवायचीच नाही. ही मस्करीची गोष्ट नाही. आमच्या बॅटऱ्या डब्याच्या खाली, बाहेर, जाळीच्या पेटीत असायच्या, ते यासाठीच. आणि शिशाच्या बॅटरीला आमचा उन्हाळा सोसत नाही. तापमान दहा डिग्रीनं वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्याकडे ठोकताळा होता. मेमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरता भरता आमचे हात दुखायचे.

मी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्ट, १०० एएचच्या दोन. मिळून २५६० वॅट-अवर, त्यातले २००० बिनधास्त वापरता येतात आणि दोन्ही मिळून पंचवीस किलोच्या आसपास. पण तिचेही नखरे आहेत. बहुतेक कंपन्या ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नका म्हणतात, आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, ठरावीक मर्यादेला चार्जिंग तोडतो. भुसावळच्या मेमध्ये चासीखाली किंवा बंद पत्र्याच्या पेटीत ती ठेवली तर नेमक्या दुपारी, वीज भरभरून येत असताना, ती घ्यायला नकार देईल. आमची पलंगाखाली आहे, कूलरची हवा लागते अशा जागी. शून्याखाली चार्ज करायचं नसतं हा दुसरा नियम. आपल्याकडे त्याची वेळ सहसा येत नाही, पण डाब-तोरणमाळच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. तिकडे जाल तर बॅटरी खोलीतच असू द्या.

मिक्सरला घरातल्यासारखी एसी वीज लागते, ती बॅटरीच्या डीसीपासून इन्व्हर्टर करतो. त्याच्याबद्दल एकच सांगतो: मिक्सर झाला की बंद करा. नुसता चालू राहिला, त्याला काही जोडलेलं नसलं, तरी दहा वॅट खातो. चोवीस तासांचे २४०, म्हणजे आमच्या कूलरएवढे. सीपॅप, फ्रिज, पंखे, दिवे, फोन हे सगळं थेट डीसीवर चालतं, त्यासाठी अडॅप्टर मिळतात. आधी इन्व्हर्टरनं डीसी विजेची एसी वीज करायची आणि मशीनच्या अडॅप्टरनं परत डीसी करायचं, यात दोन्हीकडून वीज जाते.

पावसाळ्याची झड लागली की पॅनल कितीही असू दे. पाटणादेवीला श्रावणात गेलात तर ढग, झाडं आणि तिन्ही बाजूंचे डोंगर, सगळेच उन्हाच्या आड येतात. अशा दिवशी पीक सन अवर एक-सव्वा मिळतो. आमच्या ६०० वॅटमधून पाच-साडेपाचशे वॅट-अवर येतात, खर्च ११४०. रोज सहाशेची तूट, बॅटरीत दोन हजार, म्हणजे तीन दिवस निघतात. ही तूट भरायला छपरावर आणखी पॅनलं लादण्यात अर्थ नाही, दुप्पट केली तरी झडीत भागतं-न भागतं. त्यासाठी गाडीच्या अल्टरनेटरवर ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावला. इंजिन चालू असलं की तासाला ३९० वॅट-अवर भरतात. पाटणादेवीहून चाळीसगावला जाऊन भाजीपाला घेऊन इकडे-तिकडे फिरून आलं तरी दिवसाची तूट बरीचशी भरून निघते, आणि यावल, चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळला गेलो तर पोचेपर्यंत बॅटरी भरलेली असते. अल्टरनेटरवरून सरळ जाड वायर ओढून लिथियमला जोडू नका. ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये चार्जर पाहिजेच. नवीन गाडी असेल तर वॉरंटीचं काय, तेही कंपनीच्या माणसाला आधी विचारा. मुळात ती खोली बसवायची परवानगी आणि वजनाची मर्यादा आरटीओत विचारून घ्यावी लागते, तो वेगळा विषय आहे.

वापराची वेळ बदलूनही बरंच साधतं. फ्रिजमध्ये जे ठेवायचं ते सकाळी दहा-अकराला ठेवतो, पॅनल भरात असताना. पाण्याच्या बाटल्या तेव्हाच गार करून घेतो. त्या मग रात्री बर्फासारखं काम करतात आणि कॉम्प्रेसर कमी चालतो. फोन, कॅमेरा दुपारीच चार्ज. दूध गार झाल्याशिवाय आत नाही, हे सौ.ला सांगण्याची हिंमत मात्र अजून माझ्यात पुरती आलेली नाही.

पॅनल पहाटे पुसायचं, काच तापायच्या आत. तापल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते तसंच वाळू दिलं की पांढरे डाग धरतात, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. हतनूर धरणावर थंडीत पक्षी बघायला थांबलं की बगळ्यांची मेहेरबानी काचेवर होते, ती त्याच दिवशी काढलेली बरी, वाळली की खरवडावी लागते.

आणि फ्यूज. लोक पॅनलवर महिनाभर चर्चा करतात आणि फ्यूजला विसरतात. लिथियम बॅटरीची वायर कुठे घासून चासीला टेकली तर क्षणात शेकड्यांनी अँपिअर वाहतात, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडाव्यात तसं होतं. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज असलाच पाहिजे, त्यापुढे प्रत्येक फाट्याला त्याचा त्याचा वेगळा. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला. पिकअप रस्त्यावर सतत थरथरते, पत्र्याची कड इन्सुलेशन कधी कापते ते कळत नाही. पॅनलचे नट-बोल्ट, वायरचे क्लॅम्प आणि ही ग्रोमेटं मी घाटातून आलो की पाना घेऊन एकदा तपासतो, आणि मगच सौ. भांडी बाहेर काढते.